घरच्या लिंबू-संत्र्यावरच्या रसशोषक किडी: आधी मुंग्या बघा, मग फवारा

लिंबाची कोवळी पानं आखडली, खालची पानं हाताला चिकट लागू लागली आणि पाठोपाठ त्यांच्यावर काजळी धरली, की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: काय फवारू? त्याआधी एक गोष्ट बघा. खोडावर मुंग्यांची रांग चढते आहे का? असेल, तर फवारा थोडा वेळ बाजूला ठेवा. मुंग्या आवरल्याशिवाय केलेली फवारणी हे दर पंधरवड्याने पुन्हा करायचं काम होऊन बसतं.

लिंबू, संत्रं, मोसंबी, ईडलिंबू, कुंडीतलं कुमक्वाट, सगळ्यांवरच्या रस शोषणाऱ्या किडी साधारण त्याच असतात. बागायतदाराचं गणित वेगळं असतं. त्याला शेकडो झाडं सांभाळायची असतात, फळाच्या सालीवरचा डागसुद्धा त्याला परवडत नाही. घरी एखाददुसरं झाड असतं, त्याच्या फांदीफांदीला हात पोचतो आणि सालीवर डाग असलेलं लिंबू पिळायला काहीच हरकत नसते. हा मोठाच फायदा आहे. त्यामुळे बागेचं फवारणी वेळापत्रक उचलून घरच्या झाडाला लावू नका.

चिकट आहे की नाही

ओळख पटवायची सुरुवात किडीपासून करण्यापेक्षा पानापासून करणं सोपं पडतं. वरच्या बाजूने पानावर बोट फिरवा.

चिकट लागलं, तर वरच्या पानांवर किंवा फांदीवर बसून कोणीतरी झाडाचा पोषक रस ओढतंय. या रसात साखर भरपूर आणि प्रथिनांचे घटक अगदी थोडे असतात. ते थोडके घटक पुरेसे मिळावेत म्हणून किडीला खूप रस प्यावा लागतो आणि नको असलेली साखर ती मागच्या बाजूने टाकत राहते. हाच तो चिकटा. मुंग्या त्यासाठीच येतात आणि काळी बुरशी त्याच्यावरच वाढते. मावा, सायला, पिठ्या ढेकूण, मऊ खवले कीड, पांढरी माशी आणि काळी माशी ही सगळी चिकटा टाकणारी मंडळी.

पान कोरडं आहे, पण पिवळे ठिपके पडलेत किंवा पान चंदेरी, फिकट दिसतंय, तर संशय दुसरीकडे वळवा: कठीण कवचाची खवले कीड, फुलकिडे किंवा कोळी (जाळं विणणारे नव्हेत, भिंगानेच नीट दिसणारे बारीक माइट). हे पेशींमधला रस खातात, त्यामुळे चिकटा पडत नाही. मुंग्यांनाही त्यांच्यात रस नसतो.

काजळीबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण तिच्यावर बुरशीनाशकं मारण्यात पुष्कळ श्रम वाया जातात. काही भागांत तिला कोळशी म्हणतात. ती पानाच्या आत शिरत नाही, वरच्या चिकट्यावर वाढते. पानावर पडणारा उजेड अडवते एवढाच तिचा त्रास. ओल्या फडक्याने पुसली की खाली हिरवंगार पान निघतं. चिकटा टाकणारी कीड थांबली की काजळी हळूहळू वाळून, पोपडे सुटून पडते. तिला वेगळं औषध लागत नाही.

पाहणी: कुठे आणि कशी

दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग घ्या, एक पांढरा कागद घ्या आणि सकाळच्या उजेडात झाडाजवळ जा. कोवळ्या फुटीचा शेंडा कागदावर धरून बोटाने दोन-तीनदा टिचकी मारा. जे पडेल ते कागदावर चालताना दिसतं. मग पानं उलटा. या किडींचा बहुतेक संसार पानाच्या पाठीवर, मधल्या शिरेच्या कडेने, फांदीच्या बेचक्यात आणि फळाच्या देठाखाली असतो. वरून झाड कितीही न्याहाळलं तरी त्यातलं फारसं दिसत नाही.

कोणती कीड कशी दिसते ते आता बघू.

मावा फक्त कोवळ्या फुटीवर असतो. हिरवे, तपकिरी किंवा काळे, टाचणीच्या डोक्याएवढे, मऊ, दाटीवाटीने बसलेले कीटक. उबदार हवेत माद्या नराशिवायच थेट पिल्लं देतात आणि ती पिल्लं साधारण आठवडाभरात स्वतः पिल्लं देऊ लागतात. म्हणून मावा एका रात्रीत आल्यासारखा वाटतो. तपकिरी-काळ्या मावाची एक जात ट्रिस्टेझा या विषाणूचा प्रसार करते. आंबट नारिंगाच्या खुंटावर बांधलेल्या कलमांना तो फार बाधतो. पान वळलं म्हणजे आत मावा असेलच असं मात्र नाही. एकदा वळलेलं पान मावा गेल्यावरही सरळ होत नाही, म्हणून आधी पान उलगडून बघा. आत रिकामी पांढरी कातडी आणि फुगलेले तपकिरी, कडक झालेले मावे दिसले, तर ते काम कोणीतरी आधीच करून गेलंय. कडक झालेल्या माव्यात परजीवी गांधीलमाशीची अळी वाढत असते. तिची माशी होऊन बाहेर पडली की माव्याच्या पाठीला गोल भोक राहतं.

पानावर चंदेरी, वेड्यावाकड्या रेषा असतील तर ती नागअळी. ती पान आतून पोखरते, रस शोषणाऱ्यांपैकी नव्हे. तिच्यासाठी इथलं काहीच लागू नाही.

पिठ्या ढेकूण कापसाच्या पुंजक्यासारखा दिसतो. फळाच्या देठाच्या टोपीखाली, दोन फळं एकमेकांना टेकतात तिथे, फांदीच्या खाचेत तो दडलेला असतो. अंगावर मेण असल्यामुळे साधं पाणी त्याच्यावरून ओघळून जातं, हे पुढे फवारताना लक्षात ठेवायचं आहे. पिठ्या ढेकणाचा मोठा, चपळ, लांब पांढऱ्या झालरींचा भाऊबंद दिसला तर चिरडू नका. तो बहुधा क्रिप्टोलीमस नावाच्या ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी असतो. ती ढेकणासारखीच दिसते, त्याच गर्दीत फिरते आणि त्यांनाच खाते. भिंगाखाली थोडा वेळ धरून बघा: ढेकूण रेंगाळत चालतो, ही अळी जोरात पळते आणि अंगावरची मेणाची झालर बाजूला केली की खाली ठळक सहा पाय दिसतात.

खवले कीड ओळखायला नख पुरे. फांदीवर किंवा पानाच्या शिरेवर चिकटलेला तपकिरी-लालसर ठिपका नखाने उचला. कवच सहज निघून आलं आणि खाली किडीचं अंग वेगळं राहिलं, तर ती कठीण कवचाची जात, उदाहरणार्थ लाल खवले. तिचा ठिपका गोल, जेमतेम दोन मिलिमीटरचा असतो. कवच आणि अंग एकच असेल, उचललं की सगळंच येत असेल आणि आजूबाजूला चिकटा असेल, तर ती मऊ खवले. त्याच नखाने एक चाचणी आणखी होते. ठिपका चिरडल्यावर ओलं, पिवळसर पाणी निघालं तर कीड जिवंत, कोरडं पीठ पडलं तर मेलेली. मेलेली खवलंही महिनोन्‌महिने फांदीला चिकटून राहतात. ही चाचणी न केल्यामुळे लोक मेलेल्या किडीवर दुसरी, तिसरी फवारणी करत बसतात.

पांढरी माशी फांदी हलवली की ढगासारखी उठते. काळी माशी वेगळी. तिची चकचकीत काळी, काटेरी पिल्लं पानाच्या पाठीला न हलता चिकटलेली असतात आणि तिची अंडी मळसूत्राच्या आकारात ओळीने घातलेली दिसतात. हे मळसूत्र एकदा पाहिलं की पुन्हा चूक होत नाही.

फुलकिडे आणि कोळी यांच्याविषयी थोडक्यात. फुलकिड्यांमुळे फळाच्या देठाभोवती करड्या रंगाचं कडं उमटतं. आतल्या गराला काही होत नाही, घरी दुर्लक्ष करा. कोळी हे कीटकच नव्हेत, त्यांना आठ पाय असतात. धूळ आणि पाण्याचा ताण असलेल्या झाडावर ते वाढतात. पानं पाण्याने धुणं आणि पाणी वेळेवर देणं यावर बहुतेक वेळा भागतं.

सायला: इथे ढिलाई नको

बाकीच्या सगळ्या किडींच्या बाबतीत माझा कल थांबून बघण्याकडे आहे. सिट्रस सायला हा अपवाद.

हा तपकिरी, ठिपकेदार पंखांचा, तीन-चार मिलिमीटरचा कीटक पानावर डोकं खाली आणि शेपूट वर करून, जवळजवळ ४५ अंशांत तिरका बसतो. असा बसणारा दुसरा कीटक लिंबूवर्गीय झाडावर सहसा दिसत नाही. अंडी पिवळी, बदामी आकाराची, अजून न उलगडलेल्या पानांच्या घडीत असतात. पिल्लं पिवळी-नारिंगी, चपटी असतात आणि त्यांच्या मागून पांढऱ्या मेणाच्या कुरळ्या नळ्या निघतात. कोवळ्या शेंड्यावर पांढरे कुरळे धागे लोंबताना दिसले की समजा पिल्लं आहेत.

तो स्वतः रस पिऊन जे नुकसान करतो ते सोसता येतं. पण त्याच्यामार्फत ग्रीनिंग हा जिवाणूजन्य रोग पसरतो, आणि रोग लागलेलं झाड बरं करण्याचा उपाय आजवर नाही. फ्लोरिडात सायला १९९८ मध्ये सापडला, रोग २००५ मध्ये. २००३-०४ च्या हंगामात तिथे संत्र्याच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या, २०२३-२४ मध्ये दोन कोटींपेक्षाही कमी. त्यात चक्रीवादळांचाही हात आहे, पण मुख्य आरोपी हाच.

ग्रीनिंगची पानं अन्नद्रव्याच्या कमतरतेसारखी दिसतात, म्हणून फसगत होते. जस्ताच्या कमतरतेत मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंचा पिवळेपणा सारखा असतो. पान मध्यावर दुमडलं तर दोन्ही अर्ध्या भागांची नक्षी जुळते. ग्रीनिंगमध्ये जुळत नाही, पिवळे-हिरवे डाग वेडेवाकडे आणि शिरा ओलांडून जाणारे असतात. सुरुवातीला एखादीच फांदी पिवळी पडते. फळं लहान, एका बाजूला कललेली, खालच्या टोकाला हिरवीच राहणारी आणि चवीला कडवट. आतल्या बिया काळपट, पोचट. ही सगळी लक्षणं एकत्र दिसली, तर पिवळी फांदी छाटून भागणार नाही, रोग तोवर झाडभर गेलेला असतो. तपासणी कृषी खात्याकडून किंवा कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून करून घ्या आणि रोग पक्का झाला तर झाड मुळासकट काढा. त्याची फांदी कलमासाठी कोणालाही देऊ नका.

कढीपत्ता आणि कुंती ही लिंबाच्याच कुळातली झाडं, सायला त्यांच्यावरही मजेत वाढतो. लिंबावर उपाय चालू असताना शेजारच्या कढीपत्त्याचे शेंडे तपासायला विसरू नका.

काही करायची गरज आहे का

पाच-सहा वर्षांचं, भरलेल्या घेराचं, जमिनीत लावलेलं झाड असेल आणि दोन-चार शेंड्यांवर मावा असेल, तर काही करू नका. आठवडाभराने पुन्हा बघा. नवती, म्हणजे नवी कोवळी फूट, जून झाली, पानं कडक झाली की मावा आपोआप ओसरतो, आणि तोवर त्याला खाणारेही येऊन पोचलेले असतात.

नवं, दोन-तीन वर्षांच्या आतलं रोप, कुंडीतलं झाड, किंवा फांद्या वाळू लागण्याइतकी खवले साचलेलं झाड असेल तर थांबू नका. लहान झाडाच्या एका नवतीचं नुकसान म्हणजे त्याची हंगामभराची वाढ. सायला असेल तर झाडाचं वय बघायचंच नाही.

पहिलं काम: मुंग्यांचा रस्ता तोडा

मुंग्या चिकट्यासाठी मावा, खवले आणि पिठ्या ढेकूण यांची राखण करतात. ढालकिडा आला की त्याला हुसकावतात, अंडी घालायला आलेल्या परजीवी गांधीलमाशीला टिकू देत नाहीत. मुंग्या खाली उतरल्या की बऱ्याचदा दुसरं काही न करता महिन्याभरात किडीची संख्या घसरते.

झाडाला जमिनीशी, भिंतीशी, कुंपणाशी आणि शेजारच्या झाडाशी जोडणारा प्रत्येक पूल आधी काढायचा. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, घेराची खालची कड जमिनीपासून किमान वीतभर, जमलं तर दीड-दोन फूट वर घ्या. खुंटावर फुटलेली फूट आणि खोडाजवळचं गवत काढा. आता झाडावर चढायला खोड हा एकच रस्ता उरला पाहिजे. एक काडी जरी भिंतीला टेकली असेल तर पुढची सगळी मेहनत फुकट, मुंग्या ती काडी शोधून काढतात.

मग खोडाभोवती दहा-पंधरा सेंटीमीटर रुंद कागदी चिकटपट्टी किंवा कापडाची पट्टी घट्ट गुंडाळा. सालीच्या खाचांत खालून फट राहिली असेल तर कापूस ठासा. या पट्टीवर झाडांसाठीचा न वाळणारा चिकट लेप लावा. सालीवर थेट ग्रीस किंवा चिकट लेप कधीही लावू नका, साल जळते, कोवळ्या झाडाची तर हमखास. लेपावर धूळ आणि मेलेल्या मुंग्या साचून त्यांचाच पूल तयार होतो, म्हणून दर आठ-पंधरा दिवसांनी काडीने लेप हलवा किंवा नवा लावा. पट्टी कायमची ठेवायची नाही. तिच्याखाली ओल धरते आणि साल कुजते. काही आठवड्यांनी काढा, लागलीच तर थोडी वर-खाली सरकवून बांधा.

वारूळ जवळच असेल तर गोड आमिषाचा उपयोग होतो. एक लिटर कोमट पाण्यात पाव किलो साखर आणि पाच ते आठ ग्रॅम बोरिक पावडर विरघळवा. बोरिक जास्त घातलं तर कामकरी मुंग्या वाटेतच मरतात, वारुळातल्या राणीपर्यंत काहीच पोचत नाही. इथे विष मंदच हवं. मिश्रणात भिजवलेला कापूस बारीक भोकं पाडलेल्या झाकणाच्या डबीत ठेवा आणि डबी मुंग्यांच्या वाटेवर, झाडापासून थोडी दूर ठेवा. डबीवर नाव लिहा आणि मुलांच्या, कुत्र्या-मांजरांच्या तोंडी लागणार नाही अशी जागा निवडा.

दुसरं काम: हात, कात्री आणि पाणी

पाण्याच्या जोरदार धारेने मावा आणि पांढऱ्या माशीची पिल्लं मोठ्या प्रमाणात धुतली जातात. पाईपच्या तोंडावर अंगठा धरून धार पानाच्या पाठीवर, खालून वर मारा. सकाळी मारा, म्हणजे पानं दिवसा वाळतात. दोन-तीन दिवसांआड तीन-चार वेळा केलं की माव्याचा जोर मोडतो. खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. धुण्याने धूळही जाते, आणि धूळ गेली की परजीवी गांधीलमाश्यांना काम सोपं होतं. तुम्ही दुसरं काहीच करणार नसाल तर निदान एवढं करा.

माव्याने किंवा सायलाच्या पिल्लांनी भरलेला शेंडा सरळ कापून पिशवीत बंद करा. कापून झाडाखाली टाकू नका. पिठ्या ढेकूण थोडेच असतील तर कापसाचा बोळा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून एकेकाला टिपता येतं. कुंडीतल्या झाडासाठी हा उपाय फार चांगला, मोठ्या झाडासाठी वेळखाऊ. खोडावरची आणि जाड फांद्यांवरची खवले जुन्या टूथब्रशने, साबणाच्या पाण्यात बुडवून घासली की निघतात. साल सोलली जाणार नाही इतकाच जोर लावा.

आतल्या वाळक्या काड्या, म्हणजे सल, आणि सरळ वर जाणारे पाणसोट काढून टाका. दाट, कोंदट घेरात खवले आणि ढेकूण सुखाने राहतात आणि फवाराही आत पोचत नाही. छाटणी एका वेळी उरका. दर आठवड्याला थोडं थोडं छाटलं की झाडावर सतत कुठे ना कुठे कोवळी फूट राहते, म्हणजे माव्याला आणि सायलाला बारमाही जेवण.

कोणाला हात लावायचा नाही

झाडावर दिसणारा प्रत्येक किडा शत्रू नसतो. लाल-काळे ढालकिडे आणि त्यांच्या काळपट, मगरीसारख्या आकाराच्या अळ्या, केसाएवढ्या देठावर उभी असलेली क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या मित्रकिडीची अंडी, मावाच्या गर्दीत सरपटणारी सिर्फिड माशीची बिनपायांची हिरवट अळी, ही सगळी आपली माणसं.

त्यांची ताकद किती, याचा सर्वांत जुना धडा लिंबूवर्गीय बागांमधूनच आलाय. ऑस्ट्रेलियातली पांढऱ्या, खोबणीदार अंड्यांच्या पिशवीची खवले कीड १८६८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात पोचली आणि पुढच्या वीस वर्षांत तिने तिथल्या बागा उजाड करत आणल्या. १८८८ मध्ये कीटकशास्त्रज्ञ अल्बर्ट कोबेले यांनी ऑस्ट्रेलियातून व्हेडालिया नावाचा छोटा लाल-काळा ढालकिडा पाठवला. पहिल्या काही खेपांत मिळून जेमतेम काहीशे किडे आले होते. दोन वर्षांच्या आत कीड आटोक्यात आली. गोष्टीचा दुसरा भाग कमी सांगितला जातो: १९४० च्या दशकात बागांवर डीडीटी हे कीटकनाशक फवारायला लागले, ढालकिडे मेले आणि तीच खवले कीड पुन्हा उसळली. बागायतदारांना ढालकिडे नव्याने आणून सोडावे लागले.

घरच्या झाडावरही हेच होतं, फक्त लहान प्रमाणात. सायपरमेथ्रिनसारखं जहाल, दीर्घकाळ टिकणारं कीटकनाशक मारलं की चार दिवस झाड स्वच्छ दिसतं. कवचाखालची खवले आणि अंडी वाचतात, त्यांना खाणारे उघड्यावर फिरत असल्यामुळे मरतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत खवले आणि कोळी आधीपेक्षा जास्त होतात.

तिसरं काम: फवारणी, लागलीच तर

घरच्या झाडासाठी तीनच गोष्टी पुरतात: साबण, खनिज तेल, निंबोळी. तिन्ही अंगावर पडल्या तरच काम करतात. म्हणून कशाने फवारलं यापेक्षा पानाची पाठ भिजली का, हे महत्त्वाचं. पंपाचं नोझल वर वळवून, झाडाखालून वर फवारा. पानाच्या पाठीवरून थेंब ओघळायला लागले की थांबा.

साबण मऊ अंगाच्या किडींसाठी: मावा, सायलाची पिल्लं, पांढरी माशी, पिठ्या ढेकणाची लहान पिल्लं. कीटकनाशक म्हणून मिळणारा पोटॅशियम साबण सर्वांत उत्तम, मात्रा त्याच्या लेबलावरची. तो नसेल तर सुगंध, रंग आणि ब्लीच नसलेला साधा द्रव साबण एक लिटर पाण्यात पाच ते दहा मिली. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचे तेज साबण वापरू नका, पानांच्या कडा करपतात. पाणी जड असेल तर साबण फाटतो, साय धरते आणि परिणाम जातो. अशा वेळी पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या. साबण ओला असेपर्यंतच मारतो, वाळला की संपला. त्यामुळे भर उन्हात फवारणं म्हणजे साबण वाया घालवणं. संध्याकाळी फवारा, तेव्हा मधमाश्याही परतलेल्या असतात. अंड्यांवर त्याचा फारसा परिणाम नाही, म्हणून पाच ते सात दिवसांच्या अंतराने दोनदा-तीनदा घ्यावा लागतो.

खवले किडीवर साबण अपुरा पडतो. तिथे झाडांसाठी बनवलेलं शुद्ध मिनरल स्प्रे ऑइल, एक लिटर पाण्यात दहा ते वीस मिली, लेबल सांगेल तसं. तेलाचा पातळ थर किडीचा श्वास कोंडतो. यात वेळ साधणं हेच खरं कसब. अंड्यातून निघालेली पिल्लं काही काळ कवचाशिवाय चालत असतात आणि तेव्हाच ती सर्वांत नाजूक असतात. ती वेळ कळावी म्हणून खवले असलेल्या फांदीवर दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पट्टी गुंडाळा आणि दर आठवड्याला बदला. काढलेल्या पट्टीवर भिंगाखाली बारीक पिवळे-नारिंगी ठिपके दिसू लागले की पिल्लं चालू लागली. त्यांची संख्या चढून उतरायला लागेल तेव्हा फवारा.

तेलाची पथ्यं कडक आहेत. तापमान ३२ अंशांच्या वर असताना नको. झाड पाण्यावाचून सुकलेलं असेल तर नको, आदल्या दिवशी पाणी द्या. गंधक फवारलं असेल तर महिनाभर तेल नको, आणि तेल मारलं असेल तर महिनाभर गंधक नको, दोन्ही मिळून पानं जाळतात. फुलं उमललेली असताना तर यातलं काहीच नको.

निंबोळी सावकाश काम करते आणि तिच्यावर नाराज होणारे बहुतेक जण दुसऱ्याच दिवशी मेलेले किडे शोधत असतात. तिच्यातलं अझाडिरॅक्टिन किडीची भूक मारतं आणि कात टाकण्यात अडथळा आणतं. परिणाम पुढच्या पिढीत दिसतो. ५ टक्के अर्कासाठी वाळलेल्या निंबोळ्या कुटून त्यांची ५० ग्रॅम भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून दोनदा गाळा, मिलीभर साबण घाला. तो अर्क संध्याकाळपर्यंत सावलीत ठेवून त्याच दिवशी संपवा. उन्हात तो लवकर निष्प्रभ होतो. तयार निंबोळी तेल असेल तर लिटरला पाच मिली. आधी तेलात साबण घोटून मग थोडं थोडं पाणी घाला, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पंपातला शेवटचा घोट सगळं तेल एकाच फांदीवर ओततो.

यातलं काहीही पहिल्यांदा वापरताना एका फांदीवर मारून दोन दिवस थांबा. पानं करपली नाहीत तर बाकीचं झाड घ्या.

आंतरप्रवाही कीटकनाशकांबद्दल, म्हणजे इमिडाक्लोप्रिडच्या गटाबद्दल, विचारणा हमखास होते. ती मुळांवाटे झाडभर जातात, फुलांच्या मधातही उतरतात आणि मधमाश्यांना घातक ठरतात. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या गटातल्या तीन औषधांचा उघड्यावरचा वापर बंद केला. ज्या झाडाची फळं घरात खायची, त्याला मी ती सुचवणार नाही. सायलासाठी कृषी खात्याने तसा सल्ला दिलाच, तर तो लेबलावरच्या मात्रेने, फुलं गळून गेल्यावर आणि फळतोडणीपूर्वीचा प्रतीक्षा काळ मोजून पाळा.

खत कमी, नवी रोपं वेगळी

युरिया ओतून पोसलेल्या झाडावर लुसलुशीत नवती येते आणि तिच्यावर मावा तुटून पडतो. नत्र एकदम न देता थोडं थोडं, वर्षभरात विभागून द्या. शेणखत किंवा कंपोस्ट सावकाश लागू पडतं, ते त्यासाठी बरं. कीड लागलेल्या झाडाला ताकद यावी म्हणून खत देणं तर मुळीच नको, त्या खताची फूट किडीच्याच पोटात जाते.

नवं रोप आणलं की ते जुन्या झाडांशेजारी लगेच ठेवू नका. तीन-चार आठवडे दूर ठेवा, प्रत्येक पान उलटून बघा, कलमाच्या सांध्याजवळची साल आणि बेचके भिंगाने तपासा. कुंडीतल्या झाडात वर काहीच दिसत नाही आणि तरी झाड खंगतंय, तर मातीचा गोळा कुंडीतून अलगद बाहेर काढा. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या कडेला पांढरी मेणचट पावडर दिसली, तर मुळांवरचा पिठ्या ढेकूण आहे. माती झटकून फेकून द्या, मुळं पाण्याखाली धुवा, कुंडी साबणाने घासा आणि नव्या मातीत लावून झाड आठवडाभर सावलीत ठेवा.